ट्रंकेतला रिसाला



वर्तकनगरात राहणाऱ्यांनी हे दृश्य नक्की पाहिलं असेल. एखादी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागते. खाली टेम्पो उभा असतो. कपाटं उतरतात, गाद्या उतरतात आणि सगळ्यांत शेवटी माळ्यावरची एक काळी पत्र्याची ट्रंक उतरते.

"यात काय आहे हो?"

"काही नाही, आजोबांचे जुने कागद. द्या रद्दीत!"

थांबा! ती ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी एकदा उघडून बघा. न जाणो, आत एखादा रिसाला असायचा!

रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी. पायदळाची पलटण, तसा घोडदळाचा रिसाला. आपल्या पुण्याच्या नावाचा एक रिसाला आजही भारतीय सैन्यात आहे, तुम्हांला ठाऊक आहे? त्याचं नाव पूना हॉर्स. १८१७ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात पुण्याचा तह झाला, तेव्हा हा रिसाला उभा राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले आणि चिलखती गाड्या, रणगाडे आले. पण जुने शब्द काही गेले नाहीत. रणगाड्यांच्या दलातला जवान आजही 'सवार' असतो, त्याच्या वर दफेदार आणि त्याच्याही वर रिसालदार! म्हणजे घरातल्या एखाद्या कागदावर 'दफेदार' असं दिसलं, तर ओळखा की हा माणूस बहुधा रिसाल्यातला.

आता एक गंमत ऐका. पूना हॉर्सच्या निशाणाच्या काठीवर चांदीचा एक पंजा असतो. पुण्याच्या रिसाल्याकडे हा पंजा आला कुठून? तर थेट इराणातून! ८ फेब्रुवारी १८५७ रोजी तिथे खुशाबची लढाई झाली. त्या लढाईत शत्रूचं निशाण हाती लागलं. पंजा त्याच निशाणाचा. त्यावर १०६६ हे हिजरी वर्ष कोरलेलं आहे, म्हणजे आपलं साधारण १६५६. महाराष्ट्रात तेव्हा शिवाजीमहाराजांचा काळ चालू होता. कुणी हे सगळं लिहून ठेवलं नसतं तर? तर तो नुसता चांदीचा एक तुकडा राहिला असता. वजन करा आणि विका!

नोंद नेमकं काय करते, ते दुसऱ्या एका उदाहरणावरून कळेल. १९६५ च्या युद्धात फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. त्यांचं शिक्षण पुण्यातलं. आडनाव पडलं ते तारापूर गावावरून. पूर्वी आपल्या ठाणे जिल्ह्यात असलेलं हे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जखमी असूनही त्यांनी रणगाडा सोडला नाही. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. परमवीर चक्राच्या त्यांच्या मानपत्रात लिहिलं आहे, की त्यांच्या रिसाल्याने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे उद्ध्वस्त केले आणि आपले फक्त ९ गमावले. युद्धाच्या धुमश्चक्रीतही कोणीतरी मोजत होतं, लिहीत होतं. म्हणून आज हे आकडे आपल्याला सांगता येतात.

याच रिसाल्यातले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. मागे या, असा वायरलेसवर हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून ते हटले नाहीत. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २१ वर्षं! त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा आज अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. तिथेच १९९४ साली रणगाड्यांचं संग्रहालयही सुरू झालं. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा असं करत गेलात की अहिल्यानगर. सुटीत बाबांना गळ घालायला हरकत नाही!

पण या कहाणीचा शेवट कोणत्याच दप्तरात नव्हता. २००१ साली अरुणचे वडील, ८१ वर्षांचे निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्यांच्या घरी ते उतरले होते, त्या ब्रिगेडियर नासिर यांनी निघायच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं, "तुमचा मुलगा ज्या गोळ्याने गेला, तो मी डागला होता." वडिलांना हे कळायला तब्बल ३० वर्षं लागली. सांगणारा होता आणि ऐकणाराही होता, म्हणून कळलं. अशा किती गोष्टी माणसांबरोबरच निघून जात असतील!

रिसाल्याचे मोठे कागद सांभाळायला मोठी माणसं आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या रिसाल्यांच्या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांची हजारो गाठोडी आहेत. त्या गाठोड्यांना म्हणतात 'रुमाल'! त्यांतले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून ४५ खंडांत छापून आणले. पण सवाराने घरी पाठवलेलं पत्र, मित्रांबरोबरचा फोटो, बिल्ला, डिस्चार्ज बुक हे कुठे असतं? माळ्यावरच्या ट्रंकेत. तिचे राखणदार तुम्ही!

मग काय करायचं? ऐका.

१. हात धुऊन, अगदी कोरडे करूनच कागदांना हात लावा.

२. गंजलेल्या टाचण्या आणि पिना मोठ्या माणसांकडून अलगद काढून घ्या.

३. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो आणि कागद खातो.

४. लॅमिनेशन तर नकोच! एकदा उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

५. कागद वर्तमानपत्रात गुंडाळू नका. धुतलेल्या सुती कापडात बांधा, पेशवे दप्तराच्या रुमालासारखे! ठाण्याच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून ते लांब ठेवा.

६. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. नक्की माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा. अंदाजाने लिहिलेलं नाव उद्या खरं समजलं जातं.

७. मोबाइलवर फ्लॅश न वापरता फोटो काढा, पण मूळ कागद टाकू नका. पेन्शनचे किंवा बँकेचे क्रमांक मात्र कोणालाही पाठवू नका.

आणि सगळ्यांत सोपं काम? आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. "हा फोटो कुठला हो? शेजारचा माणूस कोण?" एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वर तारीख घाला, खाली तुमचं नाव.

आई-बाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. घर बदलण्याच्या घाईत रद्दीचं गाठोडं बांधाल, तेव्हा दहा मिनिटं मुलांना त्यात डोकावू द्या. रद्दी किलोवर जाते. आजोबांच्या एका पत्राचं वजन ते किती भरणार?

मग, कधी उघडताय ट्रंक?