सुटलेल्या पोटाची तीस वर्षं

कोल्हापुरात पोट सुटणं ही फार काळ लाजेची गोष्ट नव्हती. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभारलं, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या आणि भरलेलं अंग ही या शहराची शान झाली. कुस्ती सुटली की अंग सुटायचंच, पण म्हणून वस्तादाचा मान कमी होत नसे. बायकांचं वेगळं होतं. बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे-अळिवाचे लाडू आणि जुन्या सुती लुगड्याचा पट्टा पोटाला घट्ट गुंडाळून सव्वा महिना. त्या पट्ट्याने आधार मिळायचा. गरोदरपणात फाकलेले पोटाचे स्नायू मात्र त्याने सांधले जात नव्हते. तरी नऊवारीत सगळं झाकलं जाई, कुणी मापं काढत नसे.

१९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी मुकुट जिंकले. घरोघर केबल आली, साडीची जागा ड्रेसने आणि पुढे जीन्सने घेतली. पोट सपाट असायला हवं, हे तेव्हापासून मनात घर करून बसलं. त्याच सुमारास सिझेरियनही वाढत गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातलं त्याचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २० टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९-२१ मध्ये ते २५ टक्क्यांच्या वर गेलं. टाक्यांवर लोंबणारी कातडीची घडी अनेकींच्या वाट्याला आली.

प्लास्टिक सर्जरी आपल्याकडे आली ती मात्र सौंदर्यासाठी नव्हे. नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८च्या सुमारास या शाखेचा विभाग उभा केला तो भाजलेल्या, अपघातात विद्रूप झालेल्या माणसांसाठी. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्रात बोटं गेलेल्या कामगारांच्या गावाला या विद्येचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. टमी टक, म्हणजे सुटलेल्या पोटाची शस्त्रक्रिया, तसं जुनंच; बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्येच पोटावरची लोंबती कातडी कापून काढल्याची नोंद आहे. आपल्या मध्यमवर्गापर्यंत ते पोचलं अलीकडे, आणि पोचलं ते जाहिरातीतल्या 'आधी-नंतर'च्या फोटोंतून.

इथेच गफलत होते. बाई मोबाइलमधला लग्नातला फोटो डॉक्टरांपुढे करते आणि विचारते, "असं होईल का?" तसं होत नाही. या शस्त्रक्रियेत कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, ओटीपोटाच्या खाली छेद घेतात, सैल कातडी आणि तिच्यालगतची चरबी काढतात, फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबी कातडीतल्या नव्या छिद्रातून बाहेर आणून बसवतात. व्रण फिकट व्हायला वर्षभर तरी लागतं, पुरता तो कधीच जात नाही. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. पहिला आठवडा वाकून चालावं लागतं. आणि पट्टा पुन्हा येतोच, साधारण सहा आठवडे, आजीच्या सव्वा महिन्यापेक्षा थोडा जास्तच. वजन म्हणाल तर किरकोळ उतरतं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुण्याने दाखवून दिली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्या पोटातली पुष्कळशी चरबी कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवती असते. तिथे ही सुरी पोचत नाही आणि लायपोसक्शनची नळीही नाही. पोट घट्ट, टणक आणि पुढे आलेलं असेल, चिमटीत कातडी फारशी येत नसेल, तर शस्त्रक्रियेनंतरही ते पुढेच राहणार. त्याला चालणं, खाणं आणि साखर तपासणंच उपयोगी.

उलट कुणी उताणं झोपून, गुडघे दुमडून फक्त डोकं उचललं आणि बेंबीच्या वर मधोमध दोनाहून जास्त बोटं आत रुतली, तर स्नायू फाकलेले आहेत असं समजावं. आधी फिजिओथेरपीचे व्यायाम करावेत; त्याने भागलं नाही, तर शस्त्रक्रिया खरंच कामाची ठरते. मूल आणखी हवं असेल तर थांबावं, वजन उतरायचं असेल तर ते आधी उतरवून स्थिर करावं, तंबाखू-सिगारेट काही आठवडे आधीच सोडावी.

मे २०२२ मध्ये बंगळूरला एकवीस वर्षांची एक कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. तेव्हापासून तरी भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करणार, हे प्रश्न दराच्या आधी विचारले जायला हवेत.

विम्याचं दुखणं अजून तसंच आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते; अपघात, भाजणं, कर्करोग किंवा तातडीचा वैद्यकीय धोका असेल तरच सूट. त्यामुळे दोन बाळंतपणांनंतर जिला कळशी उचलताना पोटाचा आधार वाटत नाही, कंबर सतत दुखते, तिला पदरचे पैसे घालावे लागतात आणि घरात "हा कसला नखरा" हेही ऐकून घ्यावं लागतं.