ऊन बाहेर, उजेड आत

मे महिन्यातली दुपार आहे. अकोल्याचा पारा कधी कधी ४५ अंशांच्याही पुढे जातो. अमरावतीलाही तीच तऱ्हा. अशा वेळी आपण काय करतो? दारे लावतो, खिडक्या लावतो. घर जरा थंड राहते, पण आत अंधार होतो. त्या अंधारात पुस्तक उघडले की पुष्कळ मायबहिणी म्हणतात, "अक्षर दिसत नाही बा, डोये गेले माहे!" आणि पुस्तक मिटून ठेवतात.

डोळे गेले असे लगेच धरून चालू नका. आधी बसायची जागा पाहू या.

ऊन वेगळे आणि उजेड वेगळा. ऊन थेट सूर्याकडून येते आणि फार ताप आणते. उजेड साऱ्या आभाळातून येतो. भर दुपारी निंबाखाली बसले तर अंगावर ऊन नसते, तरी सुईत दोरा ओवता येतो. घरातही आपल्याला असाच उजेड हवा.

आपल्या डोळ्यातली बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी होते. बाहेरच्या उन्हात घरातल्यापेक्षा शेकडो पट उजेड असतो. समोर उघडी खिडकी, तिच्यातून उन्हाने तळपणारे अंगण, असे बसले की डोळे दिपतात. बाहुली लहान होते आणि हातातले पान काळे दिसते. पानावर थेट ऊन पडले तरी तोच त्रास. म्हणून खिडकीकडे तोंड करून बसू नका, पाठ करूनही बसू नका, नाहीतर आपलीच सावली पानावर पडेल. खिडकी डाव्या हाताला ठेवा. उजव्या हाताने लिहिताना मग हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

आता कोणती खिडकी केव्हा उघडावी, ते पाहू. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तरी दुपारचे ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. मग छज्ज्याखालून ऊन आत येते. थंडीत ते बरेच वाटते.

पश्चिमेची गोष्ट निराळी. उतरते ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून थेट घरात घुसते. तिथे पडवी हवी, बांबूची चिक हवी, नाहीतर वेल किंवा झाड हवे. उत्तरेच्या खिडकीतून मात्र बहुतेक वर्षभर नुसता आभाळाचा उजेड येतो. वाचायला ती सगळ्यांत चांगली. गरम झळा येत असतील तर काचेचे तावदान लावून घ्या. काचेतून उजेड येतोच.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला गेले. तिथल्या कुट्या पाहा. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, भोवती पडवी. छप्पर खाली उतरलेले असल्याने ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही, पण उजेड पोचतो. आपल्या जुन्या घरांची ओसरी हेच काम करते.

आतल्या भिंतींना पांढरा चुना द्या. धुराने काळी झालेली भिंत उजेड गिळते, पांढरी भिंत तो परत फेकते. पण खिडकीसमोरच्या बाहेरच्या भिंतीवर ऊन पडत असेल, तर ती पांढरी करू नका. तिची चमक डोळ्यांत जाते. तिथे एखादा वेल चढवा.

जागा बरोबर आहे का, हे कसे ओळखायचे? शेतात दूरचे पाहताना आपण कपाळावर हात धरतो, तसा धरा. एकदम बरे वाटले, तर त्या जागी डोळे दिपतात असे समजा. थोडे वळून बसा. याला पैसा लागत नाही.

एवढे करूनही अक्षर पुसट दिसले, तर सरकारी दवाखान्यात डोळे दाखवा. चाळिशीनंतर चष्मा लागणे ही साधी गोष्ट आहे. मोतीबिंदूही शस्त्रक्रियेने काढता येतो.

मोठ्या कष्टाने शिकलेली अक्षरे आहेत ही. अंधारापायी ती सोडू नका. आज दुपारी उत्तरेची खिडकी उघडा आणि हाच धडा पुन्हा वाचून पाहा.