जरा पांढुर्ण्याकडे तोंड करा!

फोटो काढून घ्यायला बसलेलं माणूस फार केविलवाणं दिसतं. हात कुठे ठेवू, मान किती वळवू, हसू की नको, यातलं काहीच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. समोरचा फोटोग्राफर एक डोळा मिटून 'हलू नका' एवढंच म्हणतो. आणि हलू नका म्हटलं की आपली माणसं श्वाससुद्धा रोखून धरतात! मग हॉल तिकिटावर, बसच्या पासवर, ओळखपत्रावर जो चेहरा उमटतो तो बघून घरचीच मंडळी विचारतात, 'हा कोण?'

स्टुडिओचा धंदा करता करता माझं एक मत पक्कं झालंय. चेहऱ्याच्या फोटोत निम्म्याहून जास्त काम फोटोग्राफरच्या तोंडाचं असतं. कॅमेरा, दिवे, पडदा हे पैसे टाकले की येतं. बसलेल्या माणसाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि कोणत्या भाषेत सांगायचं, हे मात्र दुकानात मिळत नाही. आपल्या भागात तर हा अनुभव रोजचाच. हिशेबाचं सगळं मराठीत बोललेली आजी 'मान सरळ ठेवा' म्हटल्यावर खांबासारखी ताठ होते. 'अज्जी, हेदरब्याड्री, इल्ले नोड्री' म्हटलं की तिच्या कपाळावरची आठी आपोआप जाते. उलटही होतं. दिवसभर दुकानात कन्नड बोलणाऱ्या एखाद्या काकांना 'नग्री' म्हटलं तर ते नुसते ओठ ताणतात, आणि 'काका, मुलीचं लग्न ठरलं म्हणे?' असं मराठीत विचारलं की चेहरा उजळतो. माणूस कोणत्या भाषेत सैल होतो ते आधी ओळखावं लागतं.

हेच मला पुन्हा दिसलं ते इथून शेकडो मैल दूर, मध्य प्रदेशातल्या सावरगावात. माझी मोठी बहीण तिथे दिलेली आहे. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि समोरच्या काठाला सावरगाव. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांचा मुलूख. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरसह सगळा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, हा टापू मात्र तिकडेच राहिला. त्याच दिवशी आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. 'म्हणजे तुम्ही आम्ही एकाच तारखेची भावंडं,' असं मी बहिणीच्या सासऱ्यांना म्हटलं तर म्हातारा खूश झाला.

भाच्याचं तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. मागे एक पांढरा पडदा, पुढे एक स्टूल, की झाला स्टुडिओ. २०२३ मध्ये 'लाडली बहना' योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा बाईने स्वतः हजर राहून जागेवरच फोटो द्यायचा असा नियम होता. तेव्हापासून गावातल्या बायकांना फोटो म्हणजे सरकारी काम असंच वाटत असावं. हातातलं काम टाकून यायचं, पदर नीट करायचा, श्वास रोखायचा, सुटायचं. माझा भाचा घरात चोख मराठी बोलतो, पण स्टुलापुढे उभा राहिला की 'सामने देखो, हिलना मत'. मी विचारलं, अरे, ही तुझीच मावशी ना? तर म्हणाला, 'फॉर्म हिंदीत आहे तं तोंडातून हिंदीच निघते, मामा!'

मग चार दिवस मीच स्टुलापुढे उभा राहिलो.

पहिली अडचण डाव्या-उजव्याची. 'उजवीकडे वळा' म्हटलं की बसलेल्या माणसाला प्रश्न पडतो, माझ्या उजवीकडे की तुमच्या? तो आधी तुमच्या हाताकडे बघतो, मग भलतीकडे वळतो आणि ओशाळतो. ओशाळलेल्या चेहऱ्याचा फोटो चांगला येत नाही. म्हणून डावं-उजवं मी कधीच बोलत नाही. खिडकीकडे, दाराकडे, देवळाकडे असं सांगतो. सावरगावात नदी कुठे आहे ते लहान पोरालाही ठाऊक, म्हणून सहज म्हणून गेलो, 'काका, खांदे जरा पांढुर्ण्याकडे करा.' दुकानात एकदम हशा पिकला. काका तर गदगदून हसले. मी तेवढ्यात दोन फोटो काढून घेतले.

हशाचं कारण आपल्या वाचकांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरची माणसं त्यासाठी एकमेकांवर दगड चालवतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवली आणि नदी ओलांडताना दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते काही चाललं नाही. एरवी दोन्ही काठ एकच. सोयरीक, बाजार, शाळा सगळं एकमेकांत. पण सावरगावच्या माणसाला पांढुर्ण्याकडे तोंड करायला सांगणं म्हणजे त्याची कळ काढणंच! पुढचे चार दिवस मी ती युक्ती बिनदिक्कत वापरली.

आता हनुवटीचं. नीट बसा म्हटलं की माणूस मान मागे खेचतो. मग नाकपुड्या दिसतात आणि सडपातळ माणसालाही दुसरी हनुवटी येते. 'हनुवटी खाली' म्हटलं की तो जमिनीकडे बघतो. मी सांगतो, 'कपाळ माझ्याकडे आणा, अगदी थोडंसं.' कपाळ पुढे आलं की मान लांब होते, जबड्याची रेघ सुटी दिसते आणि डोळे वर येतात. बसलेल्याला हे विचित्र वाटतं, कासवासारखं मान बाहेर काढल्यासारखं. म्हणून मी आधी स्वतः करून दाखवतो. शब्दापेक्षा नक्कल लवकर कळते, आणि मला तसं करताना बघून समोरचा निम्मा मोकळा होतो.

फोटोत हात येत नसले तरी हातांची व्यवस्था आधी करावी. मुठी आवळलेल्या असल्या की खांदे कानापर्यंत चढतात. तळवे मांडीवर पालथे, पाय जमिनीला टेकलेले, बसणं स्टुलाच्या कडेला. श्वास सोडायला सांगायचा आणि तो सुटता सुटता बटण दाबायचं. आपल्याकडे मी 'उसिरु बिड्री' म्हणतो. डोळे मिटण्याची खोड असलेल्यांना सांगायचं, डोळे मिटूनच बसा, मी तीन म्हटलं की उघडा. चष्म्यावर दिवा चमकत असेल तर काड्या कानावरून किंचित उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

हसण्याबद्दल एक सांगतो. इंग्रजीत 'चीज' म्हणायला लावतात, तसं आपल्याकडे 'पोळी' म्हणा किंवा 'होळगी' म्हणा, ओठ तेवढेच ताणले जातात. पण ते तोंडापुरतंच. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८६२ सालीच लिहून ठेवलंय की खऱ्या आनंदात डोळ्याभोवतीचा स्नायू आकसतो आणि तो हुकमाने हलत नाही. म्हणजे 'हसा' हा हुकूमच वाया जातो. त्यापेक्षा काहीतरी विचारावं. संत्र्याला भाव काय मिळाला, नातवाचं नाव काय ठेवलं. उत्तर देऊन झाल्यावर चेहऱ्यावर जे क्षणभर उरतं, ते टिपायचं. मुंबईचे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी सिनेमातल्या इतक्या मोठ्या लोकांचे चेहरे टिपले, 'फेसेस' हे त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं. रोज कॅमेऱ्यापुढे वावरणाऱ्या नट-नट्यांनाही ते आधी गप्पांत गुंतवत असत. मग आपल्या गावच्या माणसाला दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

ताठ बसायची सवय आपल्याला लागली तीही उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात चेहरा काचेवर किंवा पत्र्यावर उतरायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तेव्हा 'हलू नका' याला अर्थ होता. आधार गेला, वाक्य उरलं!

बायकांच्या फोटोत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कित्येक फोटोग्राफर सरळ हनुवटीला हात लावून चेहरा वळवतात. मला हे मुळीच पसंत नाही. हात लागला की बाई आतून आवळली जाते, आणि ते फोटोत दिसतं. हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला एक युरोपियन बाई नेमली. एवढी सोय प्रत्येकाला कुठून जमणार? पण तोंडाने सांगणं सगळ्यांना जमतं. पदर, वेणी, मंगळसूत्र सरळ करायचं असेल तर सोबत आलेल्या जावेला किंवा मुलीला पुढे बोलवावं. सावरगावात एका सासूबाईंनी सुनेचा पदर इतक्या मायेने सारखा केला की सुनेचा चेहराच बदलला.

स्थळासाठी फोटो काढताना 'जरा गोरी करून द्या' ही मागणी तिकडेही ऐकली, इकडेही ऐकतो. मी करून देत नाही. लग्नानंतर चेहरा तोच राहणार आहे. शिवाय पासपोर्टसारख्या कामाला चेहरा बदललेला फोटो चालतही नाही. तिथे चेहरा समोरून सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं असंच लागतं. खांदे तिरके ठेवून चेहरा कॅमेऱ्याकडे वळवण्याची तऱ्हा स्थळाला, दुकानाच्या पाटीला, नोकरीच्या माहितीपत्रकाला शोभते.

घरी मोबाइलवर काढणाऱ्यांनी एवढंच करावं. हातभर अंतरावरून काढू नये. जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट मागे सरावं आणि दुप्पट झूम करावं. तोंड खिडकीकडे, डोक्यावरचा दिवा बंद.

तिसऱ्या दिवशी एक जोडपं आलं. पुरुष पन्नाशीपुढचा. डाव्या भुवईपासून गालापर्यंत व्रण आणि डावा डोळा गेलेला. सावरगावात हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पोराच्या लग्नाच्या पत्रिकेत आई-वडिलांचा फोटो छापायचा होता. घरातल्या सगळ्या फोटोंत हे गृहस्थ कोणाच्या तरी मागे उभे किंवा तोंड फिरवलेले, म्हणून वेगळा काढायचा होता.

अशा वेळी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती म्हणजे अधू बाजू सावलीत टाकायची आणि चेहरा पलीकडे वळवायचा. गृहस्थही सवयीने तसेच बसले. मी विचारलं, कसा काढू? ते म्हणाले, 'लपवून टाका जी.' बाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'लपवता कायले? मी तं याच तोंडासंगं तीस वर्सं काढली. पत्रिका येईन ते सारे याइले वळखतेत.'

गृहस्थ काही बोलले नाहीत. मी स्टूल फिरवलं आणि खिडकीचा उजेड दोघांच्या तोंडावर सारखा येईल असं बसवलं. एका डोळ्याने बघणाऱ्याला 'कॅमेऱ्यात बघा' म्हटलं की तो मान वाकडी करून डोळा मधोमध आणायला जातो, मानेला ताण पडतो. म्हणून त्यांना म्हटलं, कॅमेऱ्याकडे बघूच नका, वैनींकडे बघा आणि पत्रिका किती छापायच्या ते ठरवा. त्यांनी पाचशे म्हटलं. बाई म्हणाल्या, तीनशे पुष्कळ. 'सोयरे किती हाएत माईत आहे का?' असं म्हणत ते वळले, बाई हसल्या, आणि त्याच वेळी मी बटण दाबलं. व्रण दिसतो, मिटलेला डोळाही दिसतो. बाईंनी मोबाइलवरच तो मोठा करून बघितला आणि दाखवायला यजमानांपुढे धरला. त्यांनी बराच वेळ बघितला.

'बरा आहे,' म्हणाले. मग भाच्याला विचारलं, आठ कॉप्यांचे किती होतात.