गॅससाठी गवत लावताय? जमिनीतली ठेव सांभाळा



गॅस प्रकल्पाला घालण्यासाठी नेपियर, म्हणजे आपलं हत्तीगवत, लावावं का, असं पुष्कळजण विचारतात. शेण, मळी, पिकांचे अवशेष यांपासून गॅस करून तो गाड्यांना वापरण्याची ‘सतत’ योजना केंद्र सरकारने २०१८ साली सुरू केली. त्यानंतर या गवताची चर्चा वाढली. गवत लावलं की जमिनीतला कर्ब आपोआप वाढतो, असंही ऐकू येतं. यात खरं किती, ते पाहू.

कर्ब वाढतो कशाने?

हत्तीगवत एकदा लावलं की तीन-चार वर्षं रानात राहतं. तेवढ्या काळात नांगरट नाही. मातीत हवा कमी खेळते, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात. मुळ्या खोल जातात, जुन्या मरतात, नव्या फुटतात. मेलेल्या मुळ्यांचा बराच भाग जिवाणू खाऊन टाकतात, पण थोडा भाग मातीच्या कणांना चिकटून टिकतो. हीच खरी ठेव. भारी काळ्या जमिनीत ती जास्त टिकते, हलक्या मुरमाड जमिनीत कमी.

आता हिशोब मांडू

एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. तिच्यात कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायचा, तरी ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे. दुसरीकडे, समजा वर्षाला एकरी ५० टन हिरवं गवत कापलं. त्यात कोरडा भाग साधारण १० टन, आणि कर्ब साडेचार टनांच्या आसपास. हा सगळा गाडीत बसून शेताबाहेर गेला! त्याबरोबर नत्र, स्फुरद, पालाशही गेलं. म्हणजे शेतात राहतं ते फक्त मुळ्यांचं. बाहेरून काहीच परत घातलं नाही, तर जमीन हळूहळू रोडावते.

आणखी एक गोष्ट. गवताखाली साठलेला कर्ब नांगरटीने उडून जातो. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे जुनं कुरण मोडून १९४९ साली प्रयोग सुरू केला. तिथे कायम नांगरटीखाली ठेवलेल्या रानातला कर्ब पुढे अनेक वर्षं घटतच गेला. कमवायला वेळ लागतो, घालवायला नाही. म्हणून गायरान किंवा जुनं गवताळ रान मोडून हे गवत लावण्यात फायदा नाही. वर्षानुवर्षं नांगरलेल्या, कर्ब घटलेल्या रानात लावलं, तरच वाढीला वाव आहे.

तर मग काय करावं?

१. लावणीआधी माती तपासून घ्या. तीन वर्षांनी त्याच जागेची, तेवढ्याच खोलीची, त्याच महिन्यातली माती पुन्हा तपासा. वाढ झाली की घट, ते कागदच सांगेल.

२. कराराआधी विचारा, “मळी परत देणार का?” गॅस काढल्यावर उरणाऱ्या मळीत बहुतेक अन्नद्रव्यं आणि न कुजलेला कर्ब राहतो. ती आपल्याच रानात परत आली पाहिजे. हे तोंडी नको, करारात लिहून घ्या.

३. कापणी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर करा. बुडखे जोमाने फुटतात.

४. लावणीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत द्या.

५. गवत मोडल्यावर रान उघडं ठेवू नका. ताग किंवा धैंचा पेरून गाडा आणि पुढच्या पिकात नांगरट कमीत कमी करा.

६. सगळं शेत गवताखाली घालू नका. पाणी किती पुरेल आणि घरच्या जनावरांना चारा किती लागेल, ते आधी बघा.

मंडळी, गवताचे पैसे कापणीनंतर हातात येतात. जमिनीची ठेव मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि ती गेल्याचं कळतं तेव्हा पीक पिवळं पडलेलं असतं. विकायचं ते विका, पण मातीचा वाटा मातीला द्या.