ट्रकचं इंजिन पिकअपमध्ये : आधी फेरे मोजा

अमेरिकेत हौशी मंडळी हलक्या पिकअपमधलं पेट्रोल व्ही-८ काढून कमिन्सचं ५.९ लिटरचं ट्रकचं डिझेल इंजिन बसवतात. (याच घराण्याची इंजिनं जमशेदपूरला बनून टाटाच्या ट्रकांत लागली.) १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये त्याची ताकद होती फक्त १६० अश्वशक्ती, पण टॉर्क तब्बल ५४२ न्यूटन-मीटर! सगळे भाळतात ते या टॉर्कवर. मी आधी विचारीन, इंजिन फिरतं किती?

मिनिटाला साधारण २५०० फेरे. पुढे गव्हर्नर डिझेल तोडतो. आता हिशेब करू. समजा डिफरेन्शियलचा रेशो ४.१०, टायरचा घेर २.३ मीटर, टॉप गिअर सरळ १:१. २५०० भागिले ४.१०, म्हणजे चाकाचे ६१० फेरे. गुणिले २.३ केलं की ताशी जेमतेम ८४ किलोमीटर. संपलं! पेट्रोल इंजिन ५००० पर्यंत पळायचं, म्हणून तोच रेशो त्याला चालायचा. क्राउन-पिनियन बदलून ३.०७ केलं, की हीच गाडी ११२ गाठते.

वजनाचं वेगळंच. इंजिन जवळजवळ ५०० किलोचं, जुन्याच्या साधारण दुप्पट. पुढच्या स्प्रिंगा बदलल्या नाहीत तर नाक खाली जाणारच. आणि पेट्रोलसाठी बनलेला हलका गिअरबॉक्स? तो ५४२ किती दिवस सोसणार!