जुन्या सवयींचे घर

वृद्धाश्रम ही संस्था आपल्या समाजाच्या एव्हाना परिचयाची झाली असली, तरी स्मृतिभ्रंश जडलेल्या वृद्धांचे शुश्रूषागृह ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, आणि स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच दाखल करून घेण्याचा अनेक आश्रमांचा शिरस्ता असल्याने, हा भेद ठाऊक नसलेली कुटुंबे दारातूनच परत फिरतात. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय व्हावी अशी तरतूद ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात आहे. परंतु स्मृतिभ्रष्ट माणूस पुष्कळदा निराधार नसतोच. त्याला घर असते, मुलेबाळे असतात. नसते ते रात्रभर त्याच्यासाठी जागे राहणारे मनुष्यबळ. साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ८८ लाख लोक या विकाराने ग्रस्त असावेत, असा अलीकडचा अंदाज आहे.

या विकारात बहुधा ताज्या घटनांची स्मृती आधी लोपते आणि बालपणाच्या, तरुणपणाच्या आठवणी व अंगवळणी पडलेल्या सवयी दीर्घकाळ तग धरतात. म्हणून अशा गृहाची उभारणी रुग्णाच्या जुन्या जीवनक्रमावरच व्हावयास हवी, असे मला मनःपूर्वक वाटते. नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ साली पूर्ण झालेल्या होगेवेक या वसाहतीत नेमका हाच विचार मूर्त झालेला आहे. तेथे तीव्र स्मृतिभ्रंशाचे सहा-सात रुग्ण एकेका घरात राहतात, स्वयंपाक त्याच घरात होतो, सेविकांच्या अंगावर गणवेश नसतो, आणि चौक, दुकान, उपाहारगृह व नाट्यगृह यांतून रहिवासी मनमुराद हिंडतात. घरांची विभागणीही पूर्वायुष्याच्या वळणानुसार केलेली. आरंभी तर इंडोनेशियाशी ज्यांचे नाते होते त्यांच्यासाठी त्या पद्धतीचे निराळे घर होते. वसाहतीला वेस आहे आणि तिच्यावर निगराणीही आहे, हे खरे. पण खोलीला कडी घालणे आणि गावाला वेस असणे यांत महदंतर आहे.

एवढा खर्च आपल्याकडे कोठून यावा, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र आजी पूजा आधी करीत की चहा आधी घेत, आजोबांना वर्तमानपत्र कोणते लागे, हे दाखल करतेवेळी विचारून टिपून ठेवण्यास खर्च पडत नाही. आणि कुटुंबीयांनी गृह पाहावयास जावे ते शक्यतो दिवेलागणीला, कारण अनेक रुग्णांची घालमेल त्याच सुमारास वाढते. त्या वेळी पाळीवर परिचारक किती आहेत, आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या वृद्धेशी ते कसे बोलतात, हे तेथे बसून स्वतः पाहावे.