स्थानिक भांडारातील बिघडलेली फाइल

आजची कोणतीही मोठी आज्ञावली सर्वस्वी एका गटाने लिहिलेली नसते. तारखांचा हिशेब, जाळ्यावरील देवाणघेवाण, माहितीची साठवण अशा कामांसाठी इतरांनी आधीच तयार केलेले घटक तीत जोडलेले असतात. जावा भाषेत हे घटक गोळा करण्याचे काम मेव्हन हे साधन करते. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ मध्ये निघाली. मेव्हन आवश्यक तो घटक ‘सेंट्रल’ या सार्वजनिक भांडारातून उतरवून घेते आणि त्याची एक प्रत आज्ञावलीकाराच्या संगणकावर ठेवते. या प्रतींच्या साठ्याला स्थानिक भांडार म्हणतात. तोच घटक पुन्हा लागला की तो येथूनच मिळतो. त्यामुळे वेळ वाचतो आणि जाळ्याशी संबंध तुटला असतानाही काम चालू राहते.

ही सोय एका गृहीतावर उभी आहे. ते असे की, जवळची प्रत मूळ घटकाशी तंतोतंत जुळते. प्रत्यक्षात फाइल लिहिली जात असतानाच वीज जाते, किंवा डिस्क सदोष निघते. कधी वाटेवरचा मध्यस्थ संगणक घटकाऐवजी ‘आधी नाव नोंदवा’ असे सांगणारे पान पाठवतो आणि ते पानच घटकाच्या नावाने साठवले जाते. जावाचे घटक जार फायलींत असतात. जार म्हणजे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडेच होय. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. म्हणून शेवटचा लहानसा भाग गळाला तरी सारी फाइल उघडेनाशी होते.

असा दोष ओळखता यावा म्हणून प्रत्येक घटकासोबत एक पडताळा-अंक दिलेला असतो. एसएचए-१ पद्धतीचा हा अंक ४० चिन्हांचा असतो आणि फाइलमध्ये एक बिट बदलला तरी तो निराळा येतो. मात्र मेव्हन ही तुलना घटक उतरवताना करते; आत घेतलेल्या फाइलची दर वेळी फेरतपासणी करीत नाही. शिवाय तिसऱ्या आवृत्तीत, निराळी सूचना दिलेली नसल्यास, अंक न जुळताही केवळ इशारा देऊन घटक स्वीकारला जातो. परिणामी तीच आज्ञावली सहकाऱ्याच्या संगणकावर सुरळीत बांधली जाते, येथे मात्र अडते. आणि आज्ञावलीकार स्वतःच्या लेखनातच दोष शोधत बसतो.

अशा वेळी सारे भांडार पुसून टाकण्याचा मोह होतो. परंतु कोठारात बाजारातून पुन्हा आणता येणाऱ्या धान्याशेजारीच घरी राखलेले बियाणेही असते. स्थानिक भांडारातही संस्थेने स्वतः बांधून ठेवलेले, कोणत्याही सार्वजनिक भांडारात नसलेले घटक असू शकतात. ते पुसले गेले तर उतरवून आणता येत नाहीत.

म्हणून सफाई निवडक असावी. दोषसूचनेत बहुधा फाइलचे नाव असते. गट, घटक आणि आवृत्ती या क्रमाने फोल्डर मांडलेले असल्याने तिची जागा सहज सापडते. प्रथम फाइल तपासावी. खऱ्या झिप फाइलच्या आरंभी या पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन आद्याक्षरे असतात. ती नसतील तर आत भलतेच काही आले आहे हे उघड होते. ती असली तरी फाइल पूर्ण आहे की नाही, हे पडताळा-अंकावरूनच ठरवावे. मग केवळ त्या आवृत्तीचे फोल्डर काढून टाकावे. पुढच्या बांधणीत घटक पुन्हा उतरतो. उतरवण्याचा प्रयत्न फसल्यास मेव्हन त्या अपयशाचीही नोंद ठेवते आणि सामान्यतः एक दिवस तोच प्रयत्न पुन्हा करीत नाही. अशा वेळी ‘उणे-यू’ हा पर्याय देऊन त्यास नव्याने शोध घेण्यास सांगावे लागते.

बिघाडाचे मूळ कारण मध्यस्थ संगणकात असेल, तर तेथील अडथळा दूर होईपर्यंत तीच फाइल पुनःपुन्हा बिघडून येते. आणि ज्या घटकाची दुसरी प्रत कोठेही नाही, तो एकाच संगणकावर न ठेवता संस्थेच्या सामायिक भांडारात ठेवला, तरच स्थानिक भांडारातील कोणतीही फाइल निर्धास्तपणे पुसता येते.